औषध बाधलं, हे कळेपर्यंत

अपुऱ्या दिवसांचं बाळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते दूध ओढेनासं होतं. मग ओकतं, पोट फुगतं, अंग गार आणि लुळं पडतं, कातडी राखेसारखी करडी दिसू लागते आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. 1950 च्या दशकात असं बाळ गेलं की कारण सगळ्यांच्या तोंडी तयार असे: वजन कमी होतं, जंतुसंसर्ग झाला, टिकलं नाही. संसर्ग होऊ नये म्हणून त्याला क्लोरॅम्फेनिकॉल दिलेलं असे. त्या औषधाकडे बोट कोण दाखवणार?

बोट दाखवलं ते लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयातल्या बर्न्स, हॉजमन आणि कॅस या डॉक्टरांनी. गर्भजलाची पिशवी फुटून चोवीस तास उलटल्यावर जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे त्यांनी चार गट केले. एकही अँटिबायोटिक न दिलेल्या गटातली 19 टक्के बाळं दगावली. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या गटातली 18 टक्के. क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्यांतली 60 टक्के आणि तिन्ही औषधं एकत्र दिलेल्यांतली 68 टक्के. 1959 च्या डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत हे औषध निकामी करण्याइतकं तयार झालेलं नसतं, मूत्रपिंडंही कच्ची असतात. मोठ्यांच्या अंगातून निघून जाणारं औषध बाळाच्या अंगात साठत जातं.

ही हकिकत मी कितीदा तरी वाचली आहे आणि दर वेळी एकाच जागी अडखळते. औषधाने केलेला घात हुबेहूब आजारासारखा दिसत होता. औषध न दिलेला गट नसता, सगळ्याच बाळांना ते दिलं गेलं असतं, तर ते मृत्यू संसर्गाच्या खात्यावर जमा झाले असते आणि डोस आणखी वाढवला गेला असता.

त्याच दशकात न्यू यॉर्कमध्ये डॉक्टर सिल्व्हरमन यांनाही असाच अनुभव आला होता. तिथे सल्फाचं औषध मिळालेली बाळं जास्त मेली आणि शवविच्छेदनात मेंदू काविळीने पिवळे पडलेले सापडले. तिथेही तुलनेला दुसरा गट होता म्हणूनच कळलं.

1960 च्या दशकात गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने जग हादरलं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायला हवी हे सरकारांना पटलं. ब्रिटनने 1964 मध्ये दुष्परिणाम कळवण्याचं पिवळं कार्ड सुरू केलं आणि 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम उभा राहिला. ही व्यवस्था चांगली होती, आजही हवी आहे. पण तिचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता: ज्याला दिसेल त्याने कळवावं. दिसण्यासाठी आधी संशय यावा लागतो, आणि संशयाची पहिली ठिणगी बहुधा रुग्णाच्याच बोलण्यातून पडते. 'ही गोळी घेतल्यापासून गरगरतंय,' असं मोठा माणूस सांगतो. चार दिवसांचं बाळ फक्त रडतं, आणि फार बिघडलं की रडायचंही थांबतं.

कळवण्यावर विसंबून किती निसटतं, याचं माप मिळालं 1991 मध्ये, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयातून. क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला खुणा शोधायला लावल्या होत्या: मॉर्फिनचा उतारा म्हणून नॅलोक्सोन अचानक दिलं गेलं का, रक्तात औषधाची पातळी चढली का, पांढऱ्या पेशी घसरल्या का. अठरा महिन्यांत 36,653 रुग्णांमध्ये औषध बाधल्याच्या 731 घटना पक्क्या झाल्या. त्याच काळात जुन्या रूढ पद्धतीने हाती लागल्या होत्या अवघ्या नऊ.

हे सगळं सर्वसाधारण रुग्णालयातलं. खास मुलांच्या वॉर्डात असा शोध घ्यायला आणखी आठ वर्षं गेली. रेनू कौशल आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये बोस्टनच्या दोन रुग्णालयांत सहा आठवडे 1,120 मुलांच्या औषधांचे 10,778 लेखी आदेश तपासले. चुका निघाल्या 616. त्यातल्या बहुतेक कुणाला न बाधता विरल्या. पण बाधू शकल्या असत्या अशा चुकांचं प्रमाण मोठ्यांच्या तिप्पट होतं.

तिप्पट का, ते सिस्टरच्या टेबलाशी उभं राहिलं की समजतं. जेंटामायसिनची वायल असते 80 मिलिग्रॅमची, दोन मिलिलिटरमध्ये. समोरच्या बाळाचं वजन 1.2 किलो. किलोला पाच मिलिग्रॅम धरले तर डोस सहा मिलिग्रॅम, म्हणजे 0.15 मिलिलिटर. बारक्या सिरिंजमध्ये जेमतेम दिसावा एवढा थेंब. आता दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि 1.5 झाले, तर तेवढं औषधही त्याच वायलमध्ये आहे. मोठ्या माणसाला दहापट डोस द्यायचा तर वायलींवर वायली फोडाव्या लागतील, तिसऱ्या-चौथ्या वायलीला कुणाचाही हात थबकेल. बाळाच्या बाबतीत हाताला थबकवणारं काहीच नसतं. रात्री तीन वाजता, एका सिस्टरकडे वीस मुलं असताना हे गणित चुकलं, तर दोष तिच्या एकटीच्या पदरात टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

काही चुका बोंब मारून समोर येतात. 2006 च्या सप्टेंबरात इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या 10 युनिटच्या वायलींच्या जागी 10,000 युनिटच्या वायली कपाटात भरल्या गेल्या. दोन्हींची लेबलं निळसर. सहा बाळांना हजारपट डोस गेला, तीन दगावली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांच्या वाट्याला तीच चूक आली. ती मुलं वाचली. वर्तमानपत्रं भरून गेली, लेबलं बदलली.

मूक हानीचं काय? त्याचं उत्तर 2008 साली टाकाटा आणि सहकाऱ्यांनी दिलं. अमेरिकेतल्या मुलांच्या बारा रुग्णालयांमधून सरसकट 960 केसपेपर उचलले आणि पंधरा खुणांची एक यादी हातात घेऊन चाळले. ही पद्धत साधी आहे. पानन् पान वाचायचं नाही, खुणा हुडकायच्या. नॅलोक्सोन दिलंय? साखर घसरली? मूत्रपिंडाचा हाल सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढलं? अंगावर पुरळ? चालू औषध अचानक बंद केलं? खूण दिसली की तिथे थांबायचं आणि मागची-पुढची पानं उलटून माग काढायचा. 107 घटना सापडल्या, म्हणजे शंभर मुलांमागे अकरा. रुग्णालयांच्या स्वतःच्या नोंदींमध्ये त्यांपैकी किती होत्या? 3.7 टक्के. चार.

बहुतेक हानी सौम्य आणि तात्पुरती होती, हेही सांगायला हवं. सर्वांत जास्त सापडली ती खाज आणि मळमळ, मुख्यतः मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांमुळे आणि अँटिबायोटिकमुळे. पण शस्त्रक्रियेनंतर रात्रभर अंग खाजवत रडणाऱ्या पोराला आणि त्याच्या उशाशी बसलेल्या आईला 'सौम्य' हा शिक्का पटणार नाही. आणि 22 टक्के घटना टाळता येण्यासारख्या होत्या.

केसपेपर मुलाला घरी पाठवल्यावर चाळला जातो, ही या पद्धतीची उणीव. ती भरून काढण्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयत्न सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात स्टुअर्ट गोल्डस्टीन यांनी केला. मूत्रपिंडाला जड जाणारी तीन किंवा अधिक औषधं एकाच दिवशी चालू असलेलं, किंवा जेंटामायसिनच्या कुळातलं औषध तीन दिवस शिरेतून घेणारं प्रत्येक मूल फार्मासिस्टने रोज हुडकायचं आणि त्याचं क्रिएटिनिन रोज तपासायचं. तोवर ते रोज तपासलं जात नसे. ज्याचं रक्तच काढलं नाही त्याचं मूत्रपिंड बिघडलेलं दिसणार कसं? 2016 मध्ये त्यांनी आकडे मांडले: अशा औषधांचा मारा 38 टक्क्यांनी घटला आणि मूत्रपिंडाची इजा 64 टक्क्यांनी.

मात्र एका ठिकाणचं यश सगळीकडे आपोआप पोचत नाही. 2007 ते 2012 या काळात अमेरिकेतल्या सोळा रुग्णालयांमधले मुलांचे 3,790 केसपेपर तपासले गेले. औषधांसकट सगळ्या प्रकारची हानी धरली, तर त्या सहा वर्षांत तिचं प्रमाण हललं नव्हतं.

आपल्याकडे 2004 मध्ये दुष्परिणाम नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक मुंबईच्या केईएममध्ये होतं. 2010 मध्ये नवा कार्यक्रम आला आणि पुढच्या वर्षी त्याचं केंद्र गाझियाबादला गेलं. पाया मात्र तोच: कुणीतरी कळवायचं. 2025 च्या पावसाळ्याअखेरीस छिंदवाड्याकडची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा सर्दी-ताप, मग लघवी बंद, क्रिएटिनिन चढलेलं. पाणी तपासलं, साथीचे जंतू तपासले. तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने त्या मुलांना दिलेलं 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप तपासलं तेव्हा त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. वीसहून जास्त मुलं गेली. इथेही विषबाधा आधी आजारासारखीच दिसली होती.

दर पंधरवड्याला दहा केसपेपर, प्रत्येकाला वीस मिनिटं. खुणा शोधण्याच्या पद्धतीचं रूढ माप एवढंच आहे. त्याला संगणक लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातही एक सिस्टर आणि एक डॉक्टर ते करू शकतात. दुष्परिणाम कळवण्याचा फॉर्म आता रुग्णांसाठीही आहे आणि तो मराठीतही मिळतो. पहिली खूण पुष्कळदा आईलाच दिसते. 'कालच्या सुईपासून बाळ दूध ओढत नाही,' असं ती राउंडच्या वेळी सांगते. ते वाक्य केसपेपरवर, तिच्याच शब्दांत, वेळ घालून लिहिलेलं मला पाहायचं आहे.