आधी आवाज, मग चेहरा

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. पुण्या-मुंबईत मुलाखत निघाली की राजूर घाट उतरून मलकापूर स्टेशन गाठायचं, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची. सकाळी कुणा गाववाल्याच्या रूमवर आंघोळ उरकून कंपनीच्या गेटवर हजर, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. २०२० च्या लॉकडाऊनपासून पहिली फेरी अनेक ठिकाणी व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. भाडं वाचलं. पण शांत खोली, उजेड, वीज यांची जबाबदारी पूर्वी कंपनीची होती, ती आता उमेदवाराच्या गळ्यात आली.

मेलमध्ये लिंक आली की आधी मेल कुठून आला ते पाहा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता आणि मेलचा पत्ता जुळतो का? मुलाखतीआधी कुणी ‘रजिस्ट्रेशन’चे किंवा ‘लॅपटॉप डिपॉझिट’चे पैसे मागितले, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आता डेटाचा हिशेब. झूमसारख्या ॲपला दोघांच्या कॉलमध्ये बऱ्यापैकी चित्रासाठी सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात, तेही जाताना आणि येताना वेगवेगळे. तासाभराचे दोन्हीकडचे मिळून ५४० एमबी होतात. नुसत्या आवाजाला मात्र ६० ते ८० किलोबिट पुरतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर मुलाखत सहज होते, पण धाकट्या भावाने सकाळीच त्यावर क्रिकेट पाहिलं नसेल तर! कोटा संपला की अनेक पॅकमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे आवाजसुद्धा तुटायला लागतो. फोनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर विसंबू नका. टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय एवढंच त्या सांगतात. त्याच टॉवरवर रात्री नऊला अख्खं गाव व्हिडिओ पाहत असेल, तर दांड्या भरलेल्या असूनही कॉल अडकतो. वेळ निवडायची मुभा असेल तर सकाळची मागा. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला डोंगर आड आला की सिग्नल पडतो. तिथल्यांनी घरातली कोणती खिडकी चालते ते आदल्या दिवशी त्याच वेळी कॉल लावून पाहावं, नाहीतर सरळ तालुक्याच्या गावी मित्राची खोली गाठावी.

सगळ्यात जास्त मेहनत आवाजावर घ्या, असं माझं ठाम मत आहे. नेट कमी पडलं की ही ॲप्स आधी चित्र धूसर करतात आणि आवाज टिकवायला बघतात. धूसर चेहरा समोरचा चालवून घेतो. ‘हॅलो, ऐकू येतंय का’ हे चौथ्यांदा म्हणावं लागलं की तो घड्याळाकडे पाहतो. उघड्या भिंती आणि पत्र्याचं छत असलेल्या खोलीत आवाज घुमतो. पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, खाली सतरंजी अंथरली, की घुमणं कमी होतं. पावसाळ्यात मात्र पत्र्याखाली बसूच नका. वायरचा इअरफोन लावा, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरत नाही. त्याचा माइक शर्टाच्या कॉलरला घासत असेल तर प्रत्येक हालचालीला तिकडे खरखर जाते, म्हणून वायर चिमट्याने अडकवा. आणि आवाज पोचायला क्षणभर लागतो, तेव्हा प्रश्न संपल्यावर एक श्वास घेऊन मगच बोला, नाहीतर दोघं एकदम बोलता आणि दोघं एकदम थांबता.

बाकीचं लवकर होतं. खिडकी पाठीशी नको, तोंडासमोर हवी. फोन आडवा धरून टेबलावरच्या पिठाच्या डब्याला टेकवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीला आली पाहिजे. उत्तर देताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही, लेन्सकडे पाहा. भिंतीवर पूर्ण उत्तरं लिहून चिकटवली तर सरकणारे डोळे लगेच कळतात. चार-पाच शब्द पुरे. कॉलवर तुमचं नाव काय दिसतं तेही तपासा, कारण कधी कधी तिथे फोनचं मॉडेलच झळकतं. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर दोन सिम असतील तर दुसरं बंद ठेवा, कारण अनेक फोनमध्ये त्यावर कॉल घेतला की डेटा थांबतो. आणि इंग्रजीत वऱ्हाडी हेल आला तर येऊ द्या. सावकाश बोललात की तो आड येत नाही.

एवढं करूनही वीज जाईल, कॉल तुटेल. म्हणून मेल पाठवणाऱ्या एचआरचा नंबर आधीच कागदावर लिहून ठेवा आणि साध्या फोनवरून लगेच कळवा. परत जोडल्यावर गडबडलं, तर ‘सर, कॅमेरा बंद करून बोललो तर चालेल का?’ असं सरळ विचारा. चालतं.