एमटीबीचं जुनं चाक फिक्स्ड गिअरला

फिक्स्ड गिअरच्या सायकलला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पायडल मागे दाबलं की वेग उतरतो. म्हणजे मागच्या कॉगवर सुलटा आणि उलटा असा दोन्हीकडून जोर येतो. एमटीबीचं चाक निवडताना आधी पाहायचं ते हे, की उलटा जोर कोण पेलणार?

आट्यांचं हब

जुन्या एमटीबीत फ्रीव्हील हबच्या आट्यांवर चढवलेलं असतं. ट्रॅक सायकलचा, म्हणजे फिक्स्ड गिअरचा कॉगही त्याच आट्यांवर बसतो (1.37 इंच, इंचाला 24 आटे), म्हणून मोह होतो. पण ट्रॅक हबवर कॉगच्या पुढे उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. कॉग सुटायला गेला की ती आणखी आवळते. इथे ते उलटे आटेच नाहीत. लॉकटाइट लावलं तरी जोरात मागे दाबल्यावर कॉग सुटू शकतो.

डिस्कचं हब

सहा बोल्टांचं डिस्क हब जास्त भरवशाचं. चाक उलटं बसवा, म्हणजे डिस्कची बाजू साखळीकडे येते. डिस्क काढून तिथे सहा भोकांचा कॉग एम5 बोल्टांनी कसा. ब्रेकचा झटका सोसायलाच ही जागा घडवलेली असते. चाक असं उलटवलं तरी रिम मधोमधच राहते. फक्त टायरवरचा बाण पाहून टायर उलटवा. रिम फिरताना डगमगत असेल तर हा आउट आधी काढून घ्या.

फ्रेम

असं हब बहुधा 135 मिमी रुंद असतं, ट्रॅक फ्रेम 120 मिमी. तेव्हा 135 मिमीची जुनी स्टीलची एमटीबी फ्रेम सोयीची. मागच्या खाचा आडव्या हव्यात, कारण चाक मागे ओढूनच साखळी ताणायची असते. स्प्रिंगचा टेन्शनर चालत नाही. उलट्या जोरात तो मोडतो.

माप आणि साखळी

26 इंची रिम 559 मिमीची, 700सी 622 मिमीची. 700सी फ्रेममध्ये 26 इंची चाक घातलं तर रिम 31.5 मिमी खाली जाते आणि ब्रेकचे रबर तिथवर पोचत नाहीत. सायकलही खाली बसते, वळणावर पायडल रस्त्याला घासतं. पायडल थांबवायची सोय तर नाहीच. डिस्कच्या जागेवरचा कॉग मध्यापासून साधारण 52 मिमीवर येतो. चेनव्हीलही तेवढ्यावरच आणा, नाहीतर साखळी तिरकी चालून उतरेल.

पुढचा ब्रेक

साखळी उतरली की पायांचा ब्रेक गेला. म्हणून पुढचा ब्रेक ठेवाच, आणि पहिल्या फेरीनंतर कॉगचे सहाही बोल्ट पुन्हा आवळा.