खिडकीवरचा जीव

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत एक क्षुल्लक प्रसंग घडला. पडद्यावर छायाचित्रे दाखवायची होती आणि संगणकावर पान उघडत नव्हते. कुणीतरी सहज म्हणाले, "दादा, अजून हाच ब्राउझर वापरता? बदला की आता." एवढ्यावरून दादांचा चेहरा उतरला. वीस वर्षांची साथ आहे, असे ते म्हणाले आणि पुढची दहा मिनिटे छायाचित्रे बाजूला राहून वादच रंगला. आम्ही सारेच त्यात हिरिरीने उतरलो. घरी परतताना मात्र मनात प्रश्न आला : ज्यासाठी आपण एक पैसाही मोजलेला नाही, त्या साधनावर आपला इतका जीव का जडावा?

हा जीव जडण्याचा इतिहास ब्राउझरइतकाच जुना आहे. १९९४ साली नेटस्केप नॅव्हिगेटर आला, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर आणला आणि दोहोंत अक्षरशः युद्ध जुंपले. ऑक्टोबर १९९७ मध्ये एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती निघाली. त्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी 'ई' या अक्षराची भलीमोठी प्रतिकृती नेटस्केपच्या कार्यालयापुढील हिरवळीवर नेऊन ठेवली. नेटस्केपवाल्यांनी ती आडवी पाडून तिच्यावर आपल्या मोझिला डायनासोरचा पुतळा उभा केला. एक्स्प्लोरर विंडोजसोबतच दिला जाऊ लागल्याने नेटस्केप अखेर मागे पडला. १९९८ साली अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हाच मुद्दा केंद्रस्थानी होता.

नेटस्केपच्या राखेतून फायरफॉक्स उभा राहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हा सुमारे दहा हजार सामान्य माणसांनी वर्गणी काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानांची जाहिरात दिली आणि तीत आपापली नावे छापली. २००६ साली ओरेगॉनमधील विद्यार्थ्यांनी ओटच्या शेतात फायरफॉक्सचे प्रचंड बोधचिन्ह उमटवले. जून २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या चोवीस तासांत ८० लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या आणि त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. एखाद्या उपयुक्त वस्तूसाठी माणसे एवढे करत नाहीत. आपल्या पक्षासाठी करतात.

आपल्यासारख्या मराठी स्थलांतरितांच्या जिव्हाळ्याला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी जवळपास प्रत्येक मराठी वृत्तपत्राचा संकेतस्थळावरचा फॉन्ट वेगळा असे. त्या काळी फॉन्ट आपोआप उतरवण्याचे जे तंत्र अनेक स्थळे वापरत, ते केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चाले. दुसरा ब्राउझर उघडला की मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी दिसे. पुढे फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाची जोडणी आली. ती हा जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. परदेशातल्या एकाकी खोलीत, रात्रपाळीहून परतल्यावर, ज्या खिडकीत आपली अक्षरे पहिल्यांदा धडपणे उमटली, त्या खिडकीला माणूस केवळ साधन कसे म्हणणार? दादांची वीस वर्षे बहुधा तिथूनच सुरू झाली असावीत.

मानसशास्त्राने या गुंतवणुकीचे धागे उलगडले आहेत. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ साली दाखवले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही आवडू लागते. कानेमन, क्नेट्श व थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले गेले. नुकताच हाती आलेला तो मग विकण्यासाठी त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या बोलीच्या दुपटीहून अधिक होती. आपले झाले की मोल वाढते! ब्राउझरमध्ये तर आपण वाचनखुणा लावतो, परवलीचे शब्द साठवतो, घर मांडावे तशी मांडणी करतो. ते सोडणे म्हणजे बिऱ्हाड हलवणेच, आणि बिऱ्हाड हलवण्याचे दुःख आपल्याला कुणी सांगायला नको.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग हेन्री ताजफेल यांचा. नाझींच्या संहारात कुटुंब गमावलेल्या या शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली की कांडिन्स्कीची, एवढेच निमित्त त्यांना सांगितले. प्रत्यक्षात ती विभागणी निव्वळ यदृच्छेने केलेली होती. तरीही मुलांनी बक्षिसाचे पैसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दुसरा गट मागे राहावा म्हणून प्रसंगी स्वतःच्या गटाचा काही लाभही सोडला. 'आम्ही' आणि 'ते' ही भिंत उभी करायला किती कमी विटा लागतात, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या समाजाला निराळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच बैठकीतला आमचा आवेश आठवून आम्हाला थोडी लाजही वाटली.

गंमत अशी, की ज्यांच्यावरून आपण भांडतो ते ब्राउझर आतून पुष्कळदा एकच असतात. क्रोम, २०२० पासूनचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह या सर्वांच्या मुळाशी क्रोमियम हीच एक संहिता आहे.

आपली ही सवय कुणासाठी तरी सोन्याची खाण आहे. सफारीत आपले शोधयंत्र आधीपासूनच निवडलेले असावे, यासाठी गूगलने २०२२ साली अॅपलला सुमारे २,००० कोटी डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलने शोधयंत्राची मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निर्णय दिला. समोर जे आयते मांडले जाते ते बहुतेक माणसे बदलत नाहीत, या एका निरीक्षणाची ही किंमत आहे. युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना ब्राउझर-निवडीचा पडदा दाखवणे भाग पाडले, तेही याच कारणाने.

मग निष्ठा वाईट का? तसे आम्हाला वाटत नाही. जिने आपली अक्षरे जपली तिच्याविषयी कृतज्ञता असावीच. मात्र निवडलेली निष्ठा आणि अंगवळणी पडलेली निष्ठा यांतला भेद आपणच तपासायचा असतो. एक आठवडा दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. वाचनखुणा व परवलीचे शब्द सोबत नेता येतात. आपली माहिती कोण गोळा करतो, हे मांडणीच्या पानावर जाऊन एकदा डोळ्यांखालून घालावे. गावाकडच्या आईवडिलांना फोनवर हेच समजावून द्यावे. त्यानंतरही जुनी खिडकीच बरी वाटली, तर ती आता खऱ्या अर्थाने आपली.

पुढच्या बैठकीत दादा आपलाच संगणक घेऊन येणार आहेत. ब्राउझर त्यांनी अद्ययावत केला आहे, बदललेला नाही. आम्ही मात्र या वेळी छायाचित्रे पाहणार आहोत.