हँडल उंच केल्यावर केबल आणि ब्रेकच्या नळ्यांची नवी वाट

मोटारसायकलचे हँडल उंच करण्यासाठी हँडल आणि त्याची मूळ बैठक यांच्यामध्ये रायझर म्हणजे धातूचे ठोकळे बसवतात. त्यांची उंची साधारण २० ते ५० मिलिमीटर असते. लांबच्या प्रवासात पाठ सरळ राहावी, खराब रस्त्यावर फूटरेस्टवर उभे राहून गाडी सांभाळता यावी, यासाठी लडाख-स्पितीकडे निघणारे अनेक चालक हा बदल करून घेतात. ठोकळे बसवण्याचे काम सोपे आहे. मात्र हँडलबरोबर क्लच केबल, थ्रॉटल केबल, पुढच्या ब्रेकची नळी आणि स्विचचे वायरिंगही वर जाते. या सगळ्यांची लांबी कारखान्यात मूळ उंचीच्या हिशेबाने ठरलेली असते. त्यामुळे हँडल किती वर नेता येईल, हे यांपैकी जे आधी ताणले जाईल त्यावर ठरते.

क्लच आणि थ्रॉटलच्या केबलमध्ये बाहेर लवचीक आवरण आणि आत पोलादी तार असते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही रूढ आहे. लिव्हर दाबला की तार आवरणाच्या आत सरकते. वाटेत वळणे जितकी जास्त आणि आवळ, तितके घर्षण जास्त. क्लच जड लागतो आणि तारेचे पदर लवकर झिजतात. केबल लांबीला कमी पडली, तर लिव्हरला हात न लावताही तार ओढलेली राहते. क्लच असा अर्धवट दाबलेला राहिला की तो घसरतो आणि प्लेटा जळतात. थ्रॉटलची तार ओढली गेली, तर हँडल वळवताच रेस आपोआप वाढते. यू-टर्न घेताना गाडी अचानक पुढे झेपावते ती अशाने.

हँडल सरळ असताना सगळे सैल दिसते, म्हणून फसगत होते. हँडल उजवीकडे वळले की डावे टोक पुढे आणि उजवे मागे जाते. डावीकडे वळताना याच्या उलट. खरा ताण दोन्ही टोकांच्या लॉकपाशी, म्हणजे हँडल पूर्ण वळल्यावर, कळतो. ब्रेकच्या नळीची परीक्षा याहून कडक असते, कारण तिचे एक टोक चाकाजवळच्या कॅलिपरवर असते. गाडी खड्ड्यावरून उडाली की शॉकअ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडतात आणि चाक हँडलपासून सर्वांत दूर जाते. नळी त्या स्थितीतही सैल राहिली पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ मांडणीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि पेट्रोलची टाकी उतरवावी. केबल कुठे अडकून लांबी खातात, हे टाकीखालीच दिसते. पुष्कळदा क्लिपा सोडवून, केबल हेडलाइटला वळसा घालून नेण्याऐवजी स्टिअरिंगच्या दांड्याजवळून थेट नेली की लागणारी लांबी मिळते. नवी वाट सायलेन्सर आणि इंजिनाच्या गरम भागांपासून दूर असावी. हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेम आणि फोर्क यांच्या फटीत काहीही चिरडता कामा नये. झिप टाय फ्रेमवरच्या स्थिर भागात लावावा. हलणाऱ्या भागात केबल करकचून बांधू नये. वायरिंगच्या बाबतीत विशेष जपावे लागते, कारण वरचे आवरण शाबूत असूनही आतली तांब्याची तार तुटू शकते.

मांडणी होऊन टाकी परत बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल सावकाश एका लॉकपासून दुसऱ्यापर्यंत फिरवावे. इंजिनाचा आवाज किंचितही चढला, तर थ्रॉटल केबल ताणली जात आहे. क्लच लिव्हरची ढील दोन्ही लॉकवर सारखी राहिली पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती दोन-तीन मिलिमीटर असते. शेवटी इंजिन बंद करून, चाक जमिनीवर टेकवून पुढचा भाग जोरात दाबावा आणि नळी टायरला घासत नाही याची खात्री करावी.

वाट बदलूनही ताण राहिला, तर रायझरची उंची कमी करावी किंवा लांब केबल आणि नळी घ्यावी. जुन्या ब्रेकच्या नळीला तुकडा जोडण्याचा प्रयोग कधीही करू नये. नवी नळी बसवताना बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा. त्यानंतर नवे ब्रेक ऑइल भरून आतली हवा पूर्ण काढावी. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही; म्हणून आत बुडबुडा राहिला की लिव्हर मऊ लागतो आणि ब्रेकचा जोर घटतो. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हवेतली आर्द्रता शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरू नये. हे ऑइल रंगही खाते; सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. अशा गाड्यांत ब्रेकची नळी एबीएसच्या यंत्रातून पुढे जाते. त्यात अडकलेली हवा काढायला काही मॉडेलांत निदान यंत्र लागते, त्यामुळे हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेणे श्रेयस्कर.

काम संपल्यावर पहिली फेरी मोकळ्या मैदानात, कमी वेगाने मारावी आणि काही दिवसांनी सांधे, क्लिपा आणि ढील पुन्हा तपासावी. दोन्ही लॉकवर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडलेले असताना सर्व केबल आणि नळ्या सैल राहत असतील, तरच ती उंची त्या गाडीसाठी सुरक्षित आहे.