विश्लेषण : फ्यूजवरील अँपिअर आणि व्होल्ट काय सांगतात? जाड तार बांधणे घातक का?

गिझर सुरू असताना कोणीतरी इस्त्री लावते आणि घरात अंधार होतो. फ्यूज उडालेला असतो. योग्य तार हाताशी नसते, मग जुन्या वायरचे चार-पाच पदर पिळून फ्यूज बांधला जातो. दिवे लागतात, फ्यूज पुन्हा उडत नाही आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. खरा धोका मात्र इथूनच सुरू होतो.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज टीव्ही, फ्रिज वाचवतो असा समज असतो. पण मीटरजवळच्या फ्यूजचे पहिले काम भिंतीतल्या वायरिंगचे रक्षण करणे हे आहे. वायरमधून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तयार होणारी उष्णता चौपट होते. फ्यूजची बारीक तार हा सर्किटमध्ये मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा असतो. वायरिंग धोकादायक तापण्याआधी ही तार वितळते आणि प्रवाह तुटतो. तिथे जाड तार आली की भिंतीतली वायरच तापू लागते. तिचे प्लास्टिकचे आवरण वितळले तर शॉर्टसर्किट आणि आगीचा धोका निर्माण होतो.

अँपिअरचा आकडा कसा वाचायचा?

‘५ अँपिअर’ म्हणजे फ्यूज ५ अँपिअर प्रवाह सतत वाहून नेऊ शकतो. सहाव्या अँपिअरला तो लगेच उडतो असे नाही. हाताने बांधायच्या फ्यूजची तार साधारण दुप्पट प्रवाहाला वितळते. तांब्याच्या फ्यूज तारेची जाडी ५ अँपिअरसाठी ०.२ मिलिमीटर, तर १५ अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटर असते. डोळ्यांना हा फरक किरकोळ वाटतो, क्षमता मात्र तिप्पट होते.

भार किती, हे कसे काढायचे?

उपकरणावरील वॅटच्या आकड्याला २३० व्होल्टने भागा. २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३. दोन्ही मिळून १३ अँपिअर. ५ अँपिअरच्या फ्यूजवर एकटा गिझर कदाचित चालून जाईल, पण इस्त्री लागताच तो उडणार. दोष फ्यूजचा नसून भाराचा आहे. गिझरला स्वतंत्र लाइन हाच त्यावरचा उपाय.

मग व्होल्ट कशासाठी?

तार वितळल्यावर तुटलेल्या टोकांमध्ये क्षणभर ठिणगीची कमान तयार होते. ती किती व्होल्टपर्यंत सुरक्षितपणे विझेल, हे व्होल्टचा आकडा सांगतो. त्यामुळे २३० व्होल्टच्या लाइनवर २५० किंवा ४१५ व्होल्टचा फ्यूज चालतो, पण गाडीतला ३२ व्होल्टचा फ्यूज कधीही वापरू नये. छतावरील सौर पॅनेलसाठी डीसीचा फ्यूजच हवा. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला मदत होते, डीसीत तसे होत नाही.

एमसीबी असेल तर?

नियम तोच. ‘सी १६’ मधील १६ म्हणजे अँपिअर. ‘सी’ हे अक्षर प्रवाह अचानक किती पट वाढला की एमसीबी तत्काळ पडेल, ते सांगते. चौकटीतला ‘६०००’ हा आकडा शॉर्टसर्किटच्या वेळी किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह तो तोडू शकतो, ते दाखवतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवणे म्हणजे जाड तार बांधण्यासारखेच.

हे लक्षात ठेवा

- फ्यूज बांधण्याआधी मेन स्विच बंद करा.
- तार आधीच्याच योग्य अँपिअरची घ्या, वायरचे पदर वापरू नका.
- व्होल्टचा आकडा जास्त असला तरी चालतो, अँपिअरचा वाढवू नका.
- फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या.