आरसा काढला, वजन किती उतरलं?

सह्याद्रीत भटकणाऱ्या एखाद्या हौशी फोटोग्राफरची सॅक रिकामी करून एकेक वस्तू काट्यावर ठेवली, तर साधारण असा हिशेब निघतो. कॅननची ५डी मार्क ४ बॉडी बॅटरी आणि कार्डासह ८९० ग्रॅम. २४-७० एफ/२.८ लेन्स (दुसरी आवृत्ती) ८०५ ग्रॅम. ७०-२०० एफ/२.८, तीही दुसरी आवृत्ती, १४९० ग्रॅम. फुलांसाठी १०० मिलिमीटरची मॅक्रो ६२५ ग्रॅम. बेरीज ३८१० ग्रॅम, आणि यात ट्रायपॉड, चार्जर, पाण्याची बाटली काहीच धरलेलं नाही. गुडघे कुरकुरू लागले की मग कोणीतरी सांगतं, मिररलेस घे, निम्मं वजन कमी होईल.

आता त्याच कंपनीचं त्याच तोडीचं मिररलेस सामान काट्यावर ठेवू. आर६ मार्क २ बॉडी ६७० ग्रॅम. आरएफ २४-७० एफ/२.८ लेन्स ९०० ग्रॅम, म्हणजे जुनीपेक्षा जडच; हात हलल्यावर चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा तिच्यात आहे, जुनीत नव्हती. आरएफ ७०-२०० एफ/२.८ लेन्स १०७० ग्रॅम आणि आरएफ १०० मॅक्रो ७३० ग्रॅम. एकूण ३३७०. दीड-दोन लाखांच्या घरात नव्हे, त्याहून कितीतरी जास्त पैसे मोजून पाठीवरचं ओझं उतरलं ४४० ग्रॅम. अर्ध्या लिटर पाण्याएवढंही नाही.

याचं कारण समजून घेतलं तर पैसे आणि पाठ दोन्ही वाचतात. त्यासाठी आधी आरसा काय करत होता ते पाहू.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळतो. वर एक दुधी पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. त्याच्याही वर पाचकोनी लोलक. तो उलटं-पालटं चित्र सुलट करून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून निसटलेला प्रकाश मागच्या छोट्या दुसऱ्या आरशावर आदळून खाली जातो, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरकडे. बटण दाबलं की लेन्समधलं ॲपर्चर ठरलेल्या आकाराला मिटतं, आरसा फाटकन वर जातो, शटर उघडतं, बंद होतं, आरसा पुन्हा खाली येतो. ‘खटॅक’ आवाजातला मोठा वाटा आरशाचा.

या आरशाला वर-खाली व्हायला जागा लागते. म्हणून लेन्स जिथे अडकते ती धातूची कडी आणि सेन्सर यांच्यात कॅननच्या जुन्या ईएफ माउंटला ४४ मिलिमीटर अंतर ठेवावं लागलं, निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटला ४६.५. आरसा काढला आणि कॅननच्या नव्या आरएफ माउंटला २० मिलिमीटर पुरले, निकॉन झेडला १६. बॉडी पातळ झाली, लोलक गेला, म्हणून दोनेकशे ग्रॅम वाचले. एवढीच आरशाची कमाई. वाइड लेन्सना आणखी थोडा फायदा मिळतो, कारण त्यांची शेवटची काच आता सेन्सरच्या जवळ नेता येते. पूर्वी आरशाला वाट देण्यासाठी त्यांची रचना उगाच लांबवावी लागे. टेलिफोटोला मात्र हे अंतर कधी अडत नव्हतंच. आरएफ ७०-२०० हलकी आणि आखूड झाली ती मुख्यतः झूम करताना नळी बाहेर सरकते अशी तिची रचना केल्यामुळे, आणि त्या बदल्यात तिला टेलिकन्व्हर्टर लावता येत नाही.

खरं वजन काचेत असतं, आणि काच किती लागणार हे दोन गोष्टी ठरवतात: सेन्सर केवढा आणि ॲपर्चर केवढं.

लेन्सची फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा म्हणजे प्रकाश आत येण्याच्या भोकाचा व्यास. २०० मिलिमीटर, एफ/२.८ म्हटलं की ७१ मिलिमीटरचं भोक आलं. पुढची काच त्याहून लहान असूच शकत नाही, मग मागे आरसा असो वा नसो. आता सेन्सर लहान करा. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ गुणिले १३; क्षेत्रफळात जवळपास चौथाई. लहान सेन्सरवर तेवढंच दृश्य टिपायला १०० मिलिमीटरची लेन्स पुरते. तिला एफ/२.८ चं भोक ३६ मिलिमीटरचं लागेल, एफ/४ चं अवघं २५. काच सगळ्या बाजूंनी आक्रसते, म्हणून तिचं वजन झपाट्याने उतरतं.

म्हणून तिसरी सॅक भरून पाहू. ओएम सिस्टिमची ओएम-५ बॉडी बॅटरी-कार्डासह ४१४ ग्रॅम, १२-४५ एफ/४ लेन्स २५४, ४०-१५० एफ/४ लेन्स ३८२, ६० मिलिमीटरची मॅक्रो १८५. बेरीज १२३५ ग्रॅम. पहिल्या सॅकच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. शिवाय टेलिफोटोचा पल्ला २०० ऐवजी ३०० मिलिमीटरएवढा.

याची किंमत कुठेतरी चुकती करावी लागतेच. चौथाई सेन्सरवर त्याच एफ-आकड्याला आणि त्याच शटरला एकूण प्रकाशही चौथाई पडतो. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉप. फुल फ्रेमवर आयएसओ ६४०० ला जेवढे दाणे दिसतात, साधारण तेवढे इथे १६०० ला दिसतील. मागचं धूसर होणंही कमी. एफ/४ चा फोटो फुल फ्रेमवर एफ/८ ला काढल्यासारखा दिसतो. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा ताडोबात उजाडायच्या आधीच्या उजेडात ही उणीव टोचेल. तिथे काम करणाऱ्याला मी लहान सेन्सर सुचवणार नाही.

पण पावसाळा ओसरताना कासच्या पठारावर जा आणि दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती मॅक्रो लेन्समधून पाहा. पानावरचे तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, थेंबाला चिकटलेली चिलटं. फुल फ्रेमवर एफ/२.८ ठेवला तर एक थेंब फोकसमध्ये येतो आणि शेजारचा विरघळतो. सगळं पान स्पष्ट हवं असेल तर एफ/१६ पर्यंत जावं लागतं. लहान सेन्सरवर तीच खोली एफ/८ ला मिळते. एफ/१६ करणाऱ्याला वाऱ्यात डुलणारं पान गोठवायचं तर आयएसओ दोन स्टॉप वर चढवावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरचे ते दोन स्टॉप तिथेच संपतात. जिथे खोली हवी आणि हातात ट्रायपॉड नाही, तिथे मोठ्या सेन्सरची आघाडी उरत नाही. हे गणित दुकानात कोणी सांगत नाही. मॅक्रो, भटकंती, प्रवास हेच ज्यांचं विश्व आहे त्यांनी ते नीट मनात ठसवावं. ६२५ ग्रॅमच्या जागी १८५ ग्रॅम, आणि फोटोत फरक शोधावा लागेल.

मोठा सेन्सर सोडवत नसेल तर मधला रस्ताही आहे, आणि बहुतेकांसाठी मला तोच योग्य वाटतो: एफ/२.८ चा हट्ट सोडायचा. कॅनन आर८ बॉडी ४६१ ग्रॅम, आरएफ २४-१०५ एफ/४ लेन्स ७०० आणि आरएफ ७०-२०० एफ/४ लेन्स ६९५. फुल फ्रेमच, तरी पावणेदोन किलोंच्या किंचित वर. एक स्टॉप गमावला. आजचे सेन्सर तो आरामात भरून काढतात.

वजनापलीकडेही रोजच्या सवयी बदलतात. आरसा नाही म्हणजे डोळ्याला लागतो तो छोटा पडदा, आणि त्यात सेन्सरला जे दिसतं तेच दिसतं. फोटो काळा येणार की उडालेला, हे बटण दाबण्याआधी कळतं. फोकसही आता सेन्सरवरच मोजला जातो. डीएसएलआरमध्ये तो तळाशी वेगळ्या ठिकाणी मोजला जाई, त्यामुळे दोन वाटांच्या अंतरात केसाएवढा फरक पडला की डोळ्याऐवजी कान स्पष्ट येई आणि प्रत्येक लेन्स बॉडीशी जुळवून घ्यावी लागे. ती कटकट संपली.

पण हा पडदा वीज खातो. निकॉन डी८५० ला एका बॅटरीत प्रमाणित चाचणीनुसार १८४० फोटो, तर झेड६ ला पडद्यातून पाहिल्यास ३१०. प्रत्यक्षात दोघांनाही यापेक्षा जास्त मिळतात, तरी अंतर मोठंच राहतं. दोन जादा बॅटऱ्या सॅकमध्ये धराच. यूएसबीवर चार्ज होणारी बॉडी घेतली तर मुक्कामाच्या ट्रेकला पॉवर बँक कामी येते.

आवाज नसलेलं इलेक्ट्रॉनिक शटर ही मैफिलीत आणि नाट्यगृहात फोटो काढणाऱ्यांसाठी फार मोठी सोय आहे. विलंबित ख्यालात षड्जावर ठेहराव असताना कोणालाही ‘खटॅक’ ऐकू येत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतात. वाचून होईपर्यंत उडत्या पक्ष्याचा पंख पुढे गेलेला असतो आणि फोटोत तो वाकडा येतो. दिवे लुकलुकत असतील तर आडवे पट्टे पडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुधा जातात. रंगमंचावरच्या एलईडींचा ठेका वेगळा असतो, तेव्हा पडदा उघडण्यापूर्वी दोन फोटो काढून मोठे करून पाहावेत.

जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालतात. कॅननचा ईएफ ते आरएफ अडॅप्टर म्हणजे २४ मिलिमीटरची पोकळ नळी, वजन ११० ग्रॅम: ४४ वजा २०, आरशाने सोडलेली जागा तेवढीच. आत काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही, पण पातळ झालेली बॉडी पुन्हा होती तेवढी लांब होते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. बॉडीतल्या स्क्रूवर फोकस करणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात; निकॉनवाल्यांनी हे आधीच तपासावं.

खरेदीआधी एक काम घरी बसून करण्यासारखं आहे. गेल्या वर्षभरातले आवडते फोटो संगणकावर फोकल लेंग्थनुसार लावा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो आकडा आणि ॲपर्चर नोंदलेलं असतं. एफ/२.८ वर काढलेले किती आणि एफ/८ वरचे किती, हे मोजलं की कोणती सॅक आपली हे कळतं. मग ती बॉडी आणि एक लेन्स शनिवार-रविवारपुरती भाड्याने घ्या आणि एखादा गड चढून या. पुण्या-मुंबईत ही सोय सहज मिळते.

जुनं सामान विकण्याची वेळ सर्वांत शेवटी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी त्याआधी लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून पाहावा. दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. गिऱ्हाईक सर्वांत आधी तीच शोधतं, आणि ती सापडली की भाव तिथेच अर्ध्यावर मागितला जातो.