तंबाखूचा हंगाम: निपाणीच्या बाजाराची रीत आणि 1981 चे चोवीस दिवस

6 एप्रिल 1981 रोजी निपाणीत पोलीस गोळीबारात 12 शेतकरी गेले, हे आपल्या सीमाभागात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ते शेतकरी महामार्गावर नेमके कशासाठी बसले होते, असं विचारलं तर 'भावासाठी' एवढंच उत्तर येतं. उत्तर बरोबर आहे, पण त्याने समाधान होत नाही. भाव तर कांद्याचाही पडतो, भाताचाही पडतो. मग तंबाखूवाल्यांनीच चोवीस दिवस घरदार सोडून रस्त्यावर मुक्काम का केला? हे समजायला आधी तंबाखूचा बाजार कसा चालायचा ते बघावं लागतं.

मी शिक्षणाने आणि नोकरीने इंजिनीअर. कुठलाही व्यवहार समोर आला की माझा पहिला प्रश्न असतो, यात मोजमाप कोण करतं? निपाणीच्या बाजाराकडे मी त्याच नजरेने बघत आलो आहे.

पीक आणि त्याचं वेळापत्रक

निपाणीची तंबाखू ही बिडीची तंबाखू. देशात या पिकाचे दोन मोठे पट्टे: एक गुजरातमधला चरोतर, म्हणजे आणंद-खेड्याचा भाग, आणि दुसरा आपला निपाणीचा. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते, आणि त्या ओलीवर व दवावर हे पीक निघतं. कॅनॉल नसलेल्या काळात कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा देणारं दुसरं पीक इथे फारसं नव्हतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला वाफ्यात तरू टाकायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात लावण. झाड वाढलं की शेंडा खुडायचा आणि नंतर येणारे फुटवे पुन्हा पुन्हा काढत राहायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. याच दिवसांत अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते. तिथे भाकणूक होते, म्हणजे पाऊसपाणी आणि पीकमान कसं राहील ते सांगितलं जातं. दोन्ही राज्यांतल्या गावांहून लोक ती ऐकायला येतात.

थंडीत काढणी. पान शेतातच उन्हात वाळवायचं, उलटं-पालटं करायचं. भर उन्हात हात लावला तर वाळलेल्या पानाचा चुरा होतो, म्हणून पहाटे दवाने पान मऊ पडलं असताना ते गोळा करतात. मग कुटून, चाळून त्याचा जर्दा होतो, काडी आणि भुकटी वेगळी निघते, आणि माल बोदांत भरला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार तापतो. सगळ्या परिसराचा वर्षाचा हिशेब या दोन-तीन महिन्यांत ठरायचा. दुकानदाराची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, सगळं 'तंबाखू गेली की' या तीन शब्दांवर टांगलेलं असायचं.

मोजमाप कोणाच्या हातात?

आता मुख्य मुद्दा. तंबाखूचं पान हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. पहाटेचं वजन वेगळं, दुपारचं वेगळं. तेव्हा 'ओल किती धरायची' हा प्रश्न प्रत्येक सौद्यात यायचा आणि त्याचं उत्तर घेणारा द्यायचा. ओलीचा, मातीचा, पोत्याचा असा कडता कापला जायचा. दुसरं माप प्रतीचं. जर्दा हातावर घ्यायचा, चोळायचा, वास घ्यायचा, रंग बघायचा आणि प्रत ठरवायची. ही पारख खरीखुरी विद्या आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पारख करणारा आणि विकत घेणारा माणूस एकच असला तर त्या विद्येचा कल कुठे झुकणार, हे सांगायला नको.

तिसरं माप वेळेचं. कर्नाटकात बाजार समित्यांचा कायदा 1966 चा. तरी बिडी तंबाखूचा बराच व्यवहार वखारीत नाहीतर शेतकऱ्याच्या दारात व्हायचा, आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. माल एकदा वखारीत गेला की तो परत आणणं अवघड आणि पैसे मागायला खेपा घालणं आलंच. ज्याच्याकडून पैसे यायचे त्याच्याकडूनच पुष्कळदा उचलही घेतलेली असायची.

तुलनेला बेळगावच्या पश्चिमेकडची रताळी घ्या. तिथल्या लाल मातीतली रताळी नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या उपासाला पुण्या-मुंबईपर्यंत जातात. भाव पडला तर शेतकऱ्याचं नुकसान होतंच, पण रताळी घरात खाता येतात, आठवडी बाजारात रस्त्यावर बसून किलो-किलोने विकता येतात, जनावराला घालता येतात. तंबाखूचं तसं काहीच करता येत नाही. पाचपन्नास बोद जर्दा घेऊन आठवडी बाजारात कोण बसणार? गिऱ्हाईक मोजके व्यापारीच. वजन, प्रत आणि वेळ ही तिन्ही मापं एका बाजूला आणि वर्षाचं पीक दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू होता.

कायद्याच्या फटीत राहिलेलं पीक

सरकारचं या पिकाकडे लक्ष नव्हतं असं नाही. तंबाखूवर अबकारी कर 1943 साली आला आणि पुढे साडेतीन दशकं शेतातून किती माल निघाला याची नोंद एक्साइजकडे करावी लागायची. कच्च्या तंबाखूवरचा हा कर 1979 मध्ये गेला. म्हणजे कर घेण्यापुरता सरकारने प्रत्येक बोद मोजला होता.

भावाच्या बाजूला मात्र वेगळंच चित्र होतं. 1975 च्या कायद्याने तंबाखू मंडळ झालं, 1976 पासून गुंटूरला त्याचं काम सुरू झालं. पण हे मंडळ सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. म्हैसूरकडच्या शेतकऱ्याला पुढे 1984 पासून मंडळाच्या देखरेखीखाली लिलावाची सोय मिळाली. बिडीची तंबाखू त्या कायद्याच्या बाहेरच राहिली. एकाच राज्यात, एकाच नावाच्या पिकाला दोन न्याय.

त्यात निपाणी सीमेवरची. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं, तेही झालं नाही. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. तंबाखू पिकवणारी गावंही दोन्हीकडे, बोलणारे मराठीही आणि कन्नडही. भाषेच्या प्रश्नावर भांडणाऱ्या या भागात वखारीच्या काट्यापुढे मात्र सगळे एकाच रांगेत होते.

वखारीच्या आतली बाजू

शेतकऱ्यांच्या आधी हललं ते वखारीच्या आतलं जग. जर्दा चाळण्या-निवडण्याचं काम बायकांचं. धुळीत दिवसभर बसायचं, मजुरी तुटपुंजी आणि उद्या काम मिळेल याची खात्री नाही. देवचंद कॉलेजातले प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या कामगार बायकांची संघटना उभी राहिली. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटाने 1982 मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. दीपा धनराज त्या गटातल्या. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या मदतीने तो अलीकडे डिजिटल रूपात जपला गेला आहे. वखारीच्या आतलं काम चालत्या चित्रांत बघायचं असेल तर हा माहितीपट चुकवू नका.

तेच जोशी सर पुढे शेतकऱ्यांच्या लढ्यातही होते. वखारीत राबणारी बाई आणि वखारीला माल देणारा शेतकरी हे एकाच गावातले, कधी एकाच घरातले. दोघांचाही हिशेब त्याच गादीवर व्हायचा.

चोवीस दिवस

शरद जोशी यांची शेतकरी संघटना तोवर चाकणच्या कांद्यामुळे आणि 1980 च्या नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनामुळे सगळ्यांना माहीत झाली होती. तिची मागणी एका ओळीची: उत्पादन खर्चावर आधारलेला भाव. 14 मार्च 1981 ला, शनिवारी, निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तंबाखू उत्पादक बसले.

तारीख नीट बघा. ऐन हंगाम, माल तयार, व्यापारी थांबलेले, उधारीवाले दारात. वेळेचं जे माप नेहमी शेतकऱ्याच्या विरुद्ध जायचं, तेच त्याने या वेळी आपल्या हातात घेतलं. आम्ही थांबतो, तुम्हाला थांबता येतं का बघा, असा तो डाव होता. आणि जागाही विचार करून निवडलेली: तवंदी घाटाच्या तोंडाशी दक्षिणोत्तर वाहतुकीला सोयीची दुसरी वाट नाही.

हजारो माणसं रस्त्याकडेला राहिली. गावोगावहून भाकऱ्या यायच्या, सभा व्हायच्या. बायाही मोठ्या संख्येने होत्या. त्या वर्षीचे सण पंचांगात तपासले, तर 20 मार्चला होळी पौर्णिमा आणि 5 एप्रिलला पाडवा. म्हणजे होळी रस्त्यावर, पाडवाही रस्त्यावर. ज्या शेतकऱ्याचं वर्ष पाडव्याला नव्याने सुरू होतं, त्याचं नवं वर्ष त्या साली महामार्गावर सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी 6 एप्रिलला, पोलिसांनी मुक्काम मोडला. शरद जोशींना अटक झाली. गोळीबारात 12 शेतकरी मेले. कर्नाटकात तेव्हा आर. गुंडूराव मुख्यमंत्री होते.

त्या जागेच्या परिसराला आज आंदोलननगर म्हणतात. तिथे हुतात्मा स्तंभ आहे आणि दरवर्षी 6 एप्रिलला लोक अभिवादनाला जमतात.

आता काय उरलं आहे

पुढे दूधगंगेचं पाणी आलं, ऊस वाढला, हालसिद्धनाथ साखर कारखाना हे निपाणीचं नवं ठिकाण झालं, सोयाबीनही आलं. उसाचा काटा, उसाचं बिल आणि उसाची तारीख यावरून आता वाद होतात. मोजमाप कोण करतं, हा जुना प्रश्न पीक बदललं तरी तसाच आहे.

तंबाखू अजून आहे, पण ती पूर्वीची पेठ राहिली नाही. जुन्या वखारींच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. कडता, प्रत, उचल, बोद हे शब्द वापरून व्यवहार केलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. तंबाखू आरोग्याला घातक आहे यात वाद नाही, आणि तिची पेठ परत यावी असं मी म्हणणारही नाही. पण ज्या मातीतून ती आली आणि ज्या हिशेबापायी 12 माणसं गेली, त्याची नोंद पुसली जाऊ नये.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत तंबाखूची पट्टी, वखारीची पावती, एक्साइजचा कागद असं काही असेल तर रद्दीत घालू नका. तारीख, वजन, कडता आणि दर एवढे चार आकडे ज्या कागदावर असतील, तो कागद माझ्या दृष्टीने शिलालेखाइतका मोलाचा आहे. आणि घरात कुणी आजी-आजोबा 1981 ला त्या रस्त्यावर बसलेले असतील, तर त्यांना 'गोळीबार कसा झाला' याआधी एक प्रश्न विचारा: 'त्या साली आपली तंबाखू किती निघाली होती, आणि तिचे पैसे कधी मिळाले?' उत्तर लिहून ठेवा. त्या चोवीस दिवसांचा खरा इतिहास तिथून सुरू होतो.